सरळ कोन शून्याचा

मांडीचं हाड शरीरातलं सगळ्यात लांब आणि सगळ्यात दणकट. ते मोडायला निदान ट्रक तरी लागतो, असा लोकांचा समज आहे. माझं उभ्या स्कूटरने मोडलं. स्टँडला लावताना ती कलली, मी सावरायला गेलो आणि गुडघ्याच्या चार बोटं वर काडकन आवाज आला. भेटायला येणारे ही हकिकत ऐकून इतके हिरमुसायचे, की पुढे पुढे मी तीत एक कुत्रा घातला.

हाडाला बाहेरच्या अंगाने प्लेट बसली, स्क्रू पिळले गेले. डॉक्टर म्हणाले, "हाड तीन-चार महिन्यांत जुळेल. गुडघा मात्र तुम्हालाच वाकवावा लागेल." कारण मांडीचा स्नायू जखमेच्या जागी हाडाला चिकटून बसायला टपलेला असतो. वॉकर घ्यायचा, दुखरा पाय नुसता टेकवायचा, त्यावर वजन टाकायचं नाही, आणि व्यायाम चुकवायचा नाही.

मग फिजिओ मॅडम आल्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्या "काका" म्हणाल्या की पुढच्या क्षणी काहीतरी दुखणार, हे मी लवकरच ओळखायला लागलो. पहिला धडा म्हणजे गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबून धरायची, दहा आकडे. मी मेंदूतून हुकूम सोडला. मांडी ढिम्म. गुडघा सुजला की वरच्या स्नायूकडे जाणारे हुकूम मज्जासंस्थाच अडवून धरते म्हणे. "छान काका!" मॅडम म्हणाल्या. काहीही न करणाऱ्याला शाबासकी देण्याचं धोरण मी मास्तरकीत कधी ठेवलं नव्हतं. पुढे दाबणं जमायला लागलं, तेव्हा आठ आणि नऊ या आकड्यांच्या मध्ये मॅडम आमच्या हिला अळूवडीचं पीठ किती सैल असावं ते विचारू लागल्या.

एके दिवशी त्यांच्या पिशवीतून गोनिओमीटर निघाला. म्हणजे लांब हात फुटलेला कोनमापक! मी हरखलो. उभी हयात शाळेत भूमिती शिकवलेली. मॅडमनी माप घेतलं. "चाळीस."

"चाळीस कसे? १४०."

"काका, पाय सरळ म्हणजे शून्य. तिथून किती वाकला ते मोजायचं."

"सरळ कोन १८० अंशांचा असतो. शाळेतली पोरंही सांगतील."

"वहीत असेल. गुडघ्यात शून्य. चला, टाच ओढा. आणि कंबर उचलून अंश वाढवू नका, मला दिसतंय."

सपाटीवर चालायला साठ-सत्तर अंश पुरतात, जिन्याला नव्वदच्या आसपास लागतात, उकिडवं बसायला १३० च्याही वर. या हिशेबात चाळीस म्हणजे नापास. पण भूमितीशी मी प्रतारणा करणार नव्हतो. कोणी विचारलं की सांगायचो, "१४०." यात खोटं काय?

आमच्या साडूंचा सांधा बदललेला. वर्षभर घाम गाळून ते ११५ वर पोहोचले होते आणि कुटुंबात त्या आकड्याचा दरारा होता. माझा आकडा ऐकून त्यांचा चहा निवला. चार दिवसांनी मेहुणीचा फोन. "भावोजी, यांना काय सांगितलंत? पहाटे पाचला उठून पंचाने पाय ओढत बसतात. परवा कपाटाला आपटले."

मी गप्प राहिलो. इकडे मॅडम रोज अंश-अंश करून गुडघा पुढे रेटत होत्या आणि माझा आकडा रोज खाली येत होता. नव्वदला काटकोन झाला, तेव्हा मॅडमचं शास्त्र आणि माझं शास्त्र यांचं प्रथमच एकमत झालं. त्याच दिवशी मी कुठे वाच्यता न करता त्यांच्या पद्धतीत दाखल झालो.

परवा १०५ झाले. आनंदाच्या भरात मीच साडूंना फोन केला.

पलीकडे बराच वेळ शांतता.

"१४० वरून?" ते हळूच म्हणाले. "अहो, आधी बोलायचं नाही का? घाबरू नका. उद्या पहाटे पाचला मी पंचा घेऊन येतो."