शर्यतीचे आज्ञापत्र

मोटारशर्यतीच्या निष्ठावंत प्रेक्षकाला नीतिशास्त्र शिकविण्याची आवश्यकता नसते. ते त्याच्यापाशी उपजतच असते, आणि एखाद्या चालकाने वरिष्ठांच्या हुकमावरून आपल्याच संघातील दुसऱ्या चालकाला वाट करून दिली की त्या शास्त्राचा कोणता अध्याय उघडावयाचा, हे तो वाट कोणाला मिळाली एवढे पाहून तत्काळ ठरवितो. लाभ आपल्या माणसाचा असेल तर संघ ही एक संस्था आहे, संस्थेस शिस्त लागते आणि पगार घेणाऱ्याने ताबेदारी केलीच पाहिजे. हानी आपल्या माणसाची असेल तर मात्र खेळाचे पावित्र्य, चालकाचा पुरुषार्थ, तिकीट काढून आलेल्या रयतेची उघड फसवणूक इत्यादी विषयांवर त्याची वाणी, युरोपातील शर्यत आपल्याकडे रविवारी सायंकाळी साडेसहाच्या सुमारास दिसू लागते तेव्हापासून रात्रीच्या भोजनापर्यंत, अस्खलित वाहत राहते.

या वाङ्मयाचा आद्यग्रंथ १२ मे २००२ रोजी ऑस्ट्रियात सिद्ध झाला. आघाडीवर असलेला रुबेन्स बारिकेलो अंतिम रेषेच्या दृष्टिपथात आला असता फेरारीच्या हुजुरातून आलेल्या हुकमाची तामिली त्याने इतक्या उशिरा, आणि म्हणूनच इतक्या ठळकपणे केली, की मिखाएल शूमाकर ०.१८२ सेकंदाने विजयी ठरला व जमलेल्या समुदायाने त्याची यथेच्छ हुर्यो उडविली. ओशाळलेल्या शूमाकरने सहकाऱ्याला विजयमंचाच्या सर्वोच्च पायरीवर चढविले, आणि संघ व दोन्ही चालक यांना मिळून दहा लाख डॉलरांचा दंड झाला, ज्यातील निम्मा तहकूब ठेवण्यात आला. हा दंड विजय बदलल्याबद्दल नव्हता, पायऱ्या बदलल्याबद्दल होता. कारण संघादेश तेव्हा नियमबाह्य नव्हता, मंचावरचा शिष्टाचार मोडणे मात्र होते. या सर्व खटाटोपाने शूमाकरच्या पदरी अधिक पडले ते चार गुण, आणि वर्षअखेर त्याच्या खाती १४४ व दुसऱ्या क्रमांकावरील बारिकेलोच्या खाती ७७ गुण होते. ज्याची गरजच नव्हती अशा चार गुणांसाठी एवढा लौकिक गमावण्यास केवढी दूरदृष्टी लागत असेल!

गदारोळाचा परिणाम असा की २००३ पासून निकालावर परिणाम करणारे आदेश नियमाने वर्ज्य झाले; आदेश त्यामुळे थांबले नाहीत, त्यांची भाषा मात्र सुधारली. २५ जुलै २०१० रोजी होकेनहाइम येथे आघाडीवर असलेल्या फेरारीच्या फेलिपे मासाला, जो बरोबर एका वर्षापूर्वी याच तारखेस हंगेरीत दुसऱ्या गाडीची सुटलेली स्प्रिंग डोक्यावर आदळून मरणाच्या दारातून परतला होता, त्याच्या अभियंत्याने इतकेच कळविले की फर्नांडो तुझ्याहून वेगवान आहे, आणि निरोप समजला काय, याची पोच मागितली. पेशवे दप्तरातील मुरब्बी कारकुनानेही मान डोलवावी असा हा खलिता होता: आज्ञार्थी क्रियापद औषधालाही नाही, आणि अंमलबजावणी तत्काळ. संघाला एक लाख डॉलर दंड झाला आणि २०११ पासून तो नियमच बरतरफ करण्यात आला. या फर्नांडोला, म्हणजे सहकारी अलोन्सोला, त्या दिवशी सात गुण जास्त लाभले खरे, पण अजिंक्यपद त्याने फेटेलकडून चार गुणांनी गमावले. आमच्या परिचयाच्या एका फेरारीभक्त गृहस्थांना याची खंत आजही आहे. आज्ञा दिली याची नव्हे, एकदाच दिली याची.

हेच गृहस्थ वाद अंगाशी येऊ लागला की १९५६ च्या मोंझाचा दाखला काढतात. बिघडलेल्या गाडीमुळे खोळंबलेल्या फेरारीच्या फॅन्जिओसाठी सहकारी लुइजी मुसोने आपली गाडी सोडली नाही, पण पीटर कॉलिन्सने, स्वतःलाही अजिंक्यपदाची आशा असताना, ती आपखुशीने सोडली आणि फॅन्जिओ जगज्जेता झाला. कॉलिन्स दोन वर्षांनी शर्यतीतच मृत्यू पावला; अजिंक्यपद त्याला कधीच मिळाले नाही. हा दाखला ऐकून प्रतिपक्ष क्षणभर निरुत्तर होतो, आणि मग फॅन्जिओ हे नाव कसे उच्चारावे यावर वाद सुरू होतो.

नावांचे प्रकरण स्वतंत्र दप्तराचे आहे. शूमाकर की शूमाखर, रायकोनेन की राइकोनेन, याचा निकाल ज्यांच्या मंडळीत अद्याप लागलेला नाही, त्यांना त्या त्या चालकाच्या अंतःकरणातील हेतू मात्र तंतोतंत ठाऊक असतात. बरे, चालकही नावाच्या बाबतीत सरळ नाहीत. दा सिल्व्हा हे आडनाव ब्राझीलमध्ये फारच सामान्य, म्हणून आयर्टनने आईकडचे सेना हे नाव धारण केले. नेल्सन पिकेने वडिलांना आपल्या शर्यतींचा सुगावा लागू नये म्हणून आईचे आडनाव लावले व तीनदा अजिंक्यपद मिळवून ते जगप्रसिद्ध केले. त्याच नावाच्या पुत्राने २००८ साली सिंगापूरला संघाच्या मसलतीप्रमाणे आपली गाडी जाणूनबुजून भिंतीवर घातली, जेणेकरून तेव्हाचा सहकारी अलोन्सो जिंकावा, आणि तो जिंकला. आज्ञाधारकपणाचा याहून लेखी पुरावा कोणता? पुढच्या वर्षी संघाने त्याला काढून टाकले, तेव्हा त्याने ही हकिकत उघड केली.

अलीकडचा प्रसंग तर अंकगणिताच्या शिक्षकांनी संग्रही ठेवावा. २०२५ च्या मोंझा शर्यतीत मॅक्लारेनच्या लँडो नॉरिसचा चाकबदल रेंगाळला व ऑस्कर पियास्ट्री पुढे गेला; संघाने त्याला जागा परत करण्यास सांगितले. संथ चाकबदल हा शर्यतीचाच भाग असे आपले ठरले होते, असे पियास्ट्रीने रेडिओवर नोंदविले, आणि मग जागा परत केली. दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकांत अंतर तीन गुणांचे. वर्षअखेर नॉरिस ४२३, मॅक्स व्हेरस्टॅपेन ४२१. ऑस्ट्रियातील चार गुणांची कोणालाच गरज नव्हती, त्यावर जग पेटून उठले. येथे बाकी सारे तसेच ठेवून तीन गुण वजा केले तर मुकुटच दुसऱ्या मस्तकी जातो, आणि त्याला सौजन्य असे नाव मिळाले! व्हेरस्टॅपेनपंथीयांनी अर्थातच खेळाच्या पावित्र्याची फिर्याद तत्काळ दाखल केली. नॉरिसपंथीयांनी संस्थेच्या शिस्तीचे महत्त्व सांगितले. पियास्ट्रीच्या कैवाऱ्यांनी, आदल्या वर्षी हंगेरीत नॉरिसने त्याला पहिली जागा परत केली होती ही बाब वगळून, बाकी सर्व इतिहास तपशीलवार मांडला. खरे तटस्थ उरले ते आमचे फेरारीभक्त गृहस्थ, कारण त्या सबंध वर्षात फेरारीला एकही ग्रां-प्री जिंकता आली नव्हती. त्यांनी सर्व पक्षांचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि खेळात आदेश मुळी असूच नये असा निवाडा, पुढील हंगाम सुरू होईपर्यंत, कायम केला.