भुताला काय येत नाही

माझ्या कादंबरीतल्या शापित सरदाराच्या भुताला सगळं येतं. ते भिंतीतून आरपार जातं, समोरच्याच्या मनातलं ओळखतं, हवं ते रूप घेतं, आणि त्याला अडवायची कुणाची छाती नाही. ज्या माणसाला स्वतःच्या घरात पंख्याचा वेगसुद्धा विचारून वाढवावा लागतो, तो भुताला असे सढळ हाताने अधिकार देणारच. लिहिताना वाटायचं, नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्यानंतर मराठी भुतांना वाली उरला तो मीच.

पंचाईत एवढीच की आपली अस्सल भुतं इतकी सर्वशक्तिमान कधीच नव्हती. प्रत्येकाच्या पायात कसली ना कसली बेडी. मुंज झालेला, पण सोडमुंजीआधी गेलेला पोरगा मुंजा होतो आणि पिंपळाला धरून राहतो. चकवा रात्रभर त्याच त्या बांधावरून फिरवतो, पण उजाडलं की त्याचा खेळ खलास. हाकामारीला तुम्ही ओ दिलीत तरच तिचं काही चालतं. समंध पुरलेल्या धनावर बसून राहतो आणि त्यातली दमडी त्याला खर्चता येत नाही. अशी काही जिवंत माणसंही माझ्या माहितीत आहेत, पण ती नात्यातली असल्यामुळे पुढे जाऊ.

वेताळाचंच बघा. काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात 'कथासरित्सागर' रचला, त्यात हा मढ्यात शिरून राजाच्या खांद्यावर बसतो. मारत नाही, चावत नाही. गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न टाकतो. उत्तर ठाऊक असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील, बोललास तर मी चाललो परत झाडावर. याहून नेटका पेच मी तरी वाचलेला नाही. त्यातला खरा शापित मला राजाच वाटतो. उत्तर येत असताना तोंड मिटून बसणं कुणाला अजिबात जमत नाही, हे आमच्या सोसायटीच्या सभेत विचारा. बहुतेक जण माझंच नाव घेतील.

कोकणात उतरला की हाच वेताळ देव होतो. गोव्यात तो बेताळ, आणि वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीत वेतोबा, म्हणजे भुतांचा राजा आणि गावाचा राखणदार. त्याला केळ्यांचे घड वाहतात आणि चामड्याच्या वहाणा. वहाणा चांगल्या दांडग्या, त्याच्या मापाच्या. आपला पाय घातला तर टाच मध्यावरच संपेल. रात्री त्या घालून तो गावाभोवती गस्त घालतो, चालून चालून तळ झिजतात, म्हणून नव्या वाहायच्या, असं लोक सांगतात. या झिजलेल्या तळांवर माझा फार जीव आहे. ज्याच्या हाताखाली अख्खी भुतावळ, तो मनात आणील तर क्षणात कुठेही प्रकट होईल अशी आपली समजूत. आणि हा आपला चालतो! काळोखात, खाचखळग्यांतून, रोजच्या रोज. अंगठा जिथे रुततो तिथे चामडं पातळ होत जातं. कुणीतरी ते पाहतं, चांभाराकडे जातं, माप सांगतं, पैसे मोजतं. भुतांच्या राजाचे पाय दुखू नयेत याची काळजी घेणारी ही माणसं कुठे, आणि दीडशे पानांत एकदाही पाऊल न उचललेला माझा सरदार कुठे!

हे सगळं मी भाचीला सांगितलं. ती 'जुजुत्सु कायसेन' या जपानी मालिकेवर पोसलेली. तिथे माणसांच्या भीतीतून, द्वेषातून शापित आत्मे जन्मतात आणि त्यांना चौथ्या श्रेणीपासून विशेष श्रेणीपर्यंत दर्जे असतात, सरकारी नोकरीसारखे. "आपल्याकडे बायकांची भुतं कुठल्या श्रेणीत?" तिने विचारलं.

मी एन्थोवेनचं 1915 सालचं कोकणच्या लोकसमजुतींचं पुस्तक काढलं. त्यामागची टिपणं जॅक्सनने जमवलेली; तोच नाशिकचा कलेक्टर, ज्याला 1909 मध्ये अनंत कान्हेऱ्यांनी नाट्यगृहात गोळी घातली. बाळंतपणात गेलेली ती हडळ. नवरा मागे ठेवून गेली ती जखीण. विधवा म्हणून गेली ती लावसट. बाई कशीही मेली तरी तिच्यासाठी एक खातं उघडून ठेवलेलं! मोठ्याने वाचता वाचता माझा आवाज चढला. ओली बाळंतीण रक्त जाऊन, तापाने फणफणून मरायची, आणि घरची माणसं काय करायची, तर ती परत येऊ नये म्हणून खिळे ठोकायची, वाटेवर दाणे फेकायची. पोराला पाजायला परत आली असती बिचारी, दुसरं काय करणार होती?

"आणि जखीण काय करते?"

"नवऱ्याच्या दुसऱ्या बायकोला त्रास देते. मग ती दुसरी पहिलीच्या नावाचा टाक गळ्यात घालते."

"एवढंच? मग चौथी श्रेणी. फार तर तिसरी." भाचीने निकाल दिला. "आणि नवऱ्याचं कसलं भूत होतं?"

मी पानं चाळली. मुंजा होता, समंध होता, खवीस होता. दोन लग्नं करून, म्हातारा होऊन मेलेल्या नवऱ्यासाठी खास असं कुणी सापडेना.

"तो कशाला भूत होईल, मामा?" ती म्हणाली. "त्याचं कुठे काय राहिलंय?"