४० वर्षे आणि एक दिवस

बायबलमधील वाळवंट ही प्रामुख्याने कसोटीची जागा आहे; इस्राएल लोक तेथे ४० वर्षे भटकले, येशूने ४० दिवस उपवास केला, आणि दोन्ही वेळा प्रश्न होता तो अन्नपाण्याच्या अभावाचा. आधुनिक यात्रेकरूंचा गट यहूदियाचे वाळवंट, म्हणजे जेरुसलेमच्या पूर्वेस मृत समुद्राकडे उतरत जाणारा ओसाड डोंगराळ पट्टा, वातानुकूलित बसमधून एका दिवसात उरकतो. खाऊ, टोप्या आणि पाण्याच्या बाटल्या सोबत असल्याने अभाव कशाचाच राहत नाही, आणि मग कसोटी घेण्याचे काम सहप्रवाशांवर येऊन पडते.

कुमरान येथे १९४७ साली बेदुइन, म्हणजे भटक्या अरब पशुपालकांच्या, मुलांना एका गुहेत प्राचीन हिब्रू गुंडाळ्या सापडल्या. हरवलेली शेळी शोधताना त्यांतील एकाने गुहेत दगड भिरकावला, अशी कथा आहे. प्रमुख गुंडाळ्या आता जेरुसलेमच्या संग्रहालयात असल्याने येथे उरते ते घळीपलीकडून दिसणारे एका गुहेचे तोंड. शेळी शोधण्याची परंपरा मात्र मार्गदर्शकाने जिवंत ठेवली आहे, कारण बस सुटताना एखादा यात्रेकरू चिखलाची सौंदर्यप्रसाधने विकणाऱ्या दुकानात अडकलेला असतोच, आणि तेथे दगड भिरकावण्याची सोय नसते.

एन-गेदी हे झरे व धबधबे असलेले मरूद्यान, म्हणजे वाळवंटातील हिरवा टापू. शौल राजाच्या भयाने दावीद येथील एका गुहेत लपला होता आणि शौल नेमका त्याच गुहेत देहधर्मासाठी शिरला, अशी निःसंकोच नोंद शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात आहे. राजाला न मारता दाविदाने त्याच्या झग्याचा काठ तेवढा कापला, म्हणून प्रवचनकार दाविदाच्या संयमाची थोरवी गातात; परंतु उष्माघात टाळण्यासाठी सकाळपासून 'पाणी प्या' हा जप ऐकलेल्या आणि तो निष्ठेने पाळलेल्या गटाची सहानुभूती पूर्णपणे शौलाकडे असते.

मसादाचा किल्ला पहिल्या शतकातील इतिहासकार योसेफस याच्या लेखनामुळे प्रसिद्ध आहे, बायबलमुळे नव्हे. तरीही रोपवेची सोय असल्याने पवित्र स्थळांत त्याची गणना विनातक्रार होते. दक्षिणेकडील सदोम डोंगर बहुतांशी मिठाचा असून त्याच्या एका सुळक्यास लोटाची बायको म्हणतात, कारण बायबलनुसार नष्ट होणाऱ्या नगराकडे तिने मागे वळून पाहिले आणि ती मिठाचा खांब झाली. हा बोध प्रत्येक यात्रेकरू तिच्याकडे पाठ करूनच घेतो, कारण त्याशिवाय सेल्फीत ती येत नाही.

दिवसाची अखेर मृत समुद्रात होते. त्याची पातळी सर्वसाधारण समुद्रसपाटीच्या ४३० मीटरहून अधिक खाली असून पाण्यात सुमारे एकतृतीयांश क्षार असल्याने माणूस बुडणे अवघड. सकाळी दाढी करून आलेल्यांना या रसायनशास्त्राचा परिचय अधिक तीव्रतेने होतो. उताणे तरंगणे कोणालाही जमते, पण पाय खाली टेकवून पुन्हा उभे राहण्याचे तंत्र वेगळे असते, आणि ते माहितीपत्रकात दिलेले नसल्यामुळे चालक तिसऱ्यांदा भोंगा वाजवीत असता गटातील प्रतिष्ठित मंडळी उलट्या कासवांसारखी हातपाय मारताना दिसतात.