डी-थ्री काका

काकांच्या घरी टीव्हीवर सुपर बोल चालू असेल तर समजावं, काका घरात नाहीत. शिकागोच्या पश्चिमेला नेपरव्हिलमध्ये चार दशकं काढूनही या माणसानं शिकागो बेअर्स या व्यावसायिक फुटबॉल संघाचा एकही सामना धड पाहिलेला नाही. बेअर्सचं नाव काढलं की ते माशी उडवल्यासारखा हात करतात. "पगारी माणसं, लेका. पगार घेऊन कोण पण पळतंय की." बरं, मग मिशिगन, ओहायो स्टेट ही विद्यापीठं? लाखलाख माणसांची स्टेडियमं? "ती बी पगारीच की आता. 2025 पासून तर उघडउघड!"

काकांचा फुटबॉल म्हणजे डिव्हिजन थ्रीचा फुटबॉल. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या क्रीडासंघटनेनं, म्हणजे एनसीएएनं, 1973 मध्ये आपल्या कॉलेजांचे तीन गट पाडले. त्यांतला हा तिसरा. इथं खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही. पोरगं बापाच्या पैशानं किंवा कर्ज काढून शिकतं, शनिवारी डोकं फुटेस्तोवर खेळतं आणि सोमवारी लंगडत बायॉलॉजीच्या लॅबमध्ये हजर होतं. एवढं सांगून झालं की काका समोरच्याकडे असं बघतात, की आता याच्या डोळ्यांत पाणी यायला हवं. येत नाही. मग ते पुन्हा पहिल्यापासून सांगतात.

असा माणूस मिडवेस्टच्या प्रत्येक छोट्या कॉलेजगावात सापडतो. कुठं तो निवृत्त मास्तर असतो, कुठं न्हावी, कुठं नातू तीन वर्षांपूर्वी पास होऊन गेला तरी मैदानावर येतच राहिलेला आजोबा. आमच्या वाट्याला आलेला नमुना कोल्हापूरचा आहे, इतकाच फरक. बेल लॅब्जमधून निवृत्त झालेला इंजिनिअर. घरातून चालत गेलं की गावाच्या मध्यावर नॉर्थ सेंट्रल कॉलेजचं मैदान. लहानपणी शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ यांच्या लढती बघून घसा बसवलेल्या माणसाला परदेशातल्या पहिल्या हिवाळ्यात बँडचा आणि आरडाओरड्याचा आवाज आला, आणि पाय तिकडं वळले. चेंडू लांबोडका निघाला, पण काकांनी तेवढं चालवून घेतलं. "खेळ कुठला का असंना, पेठ आपली पाहिजे."

काकांची वही हा स्वतंत्र विषय आहे. जुन्या हिशेबाच्या लाँगबुकासारखी लांबट वही, तीत प्रत्येक छोटं कॉलेज कुठल्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या कॉलेजांच्या कुठल्या कंपूत, आणि कुठल्या संघटनेत याची नोंद. डिव्हिजन थ्री लाल, डिव्हिजन टू निळी आणि एनएआयए हिरवी. एनएआयए ही छोट्या कॉलेजांची वेगळी संघटना. 1937 साली कॅन्सस सिटीतल्या बास्केटबॉल स्पर्धेतून निघाली, आणि ती काढणाऱ्यांत बास्केटबॉलचा जनक जेम्स नेस्मिथ होता. वहीतल्या नोंदी सगळ्या रंगीत पेन्सिलीनं. पेन का नाही, असं मी एकदा विचारलं. काकांनी खोडरबर पुढं केला. "ही मंडळी एका जागी बसतात का गप?"

बसत नाहीत, हे खरं आहे. कुठं विद्यार्थी कमी पडतात, कुठं बसप्रवासाचा खर्च झेपत नाही, कुठं नव्या अध्यक्षाला मोठ्यांच्या पंगतीत बसायचं असतं. कॉन्फरन्सच्या विजेत्याला प्लेऑफमध्ये थेट जागा मिळावी म्हणून सभासदांची ठरावीक संख्या लागते. एक कॉलेज बाहेर पडलं की बाकीचे घाबरे होऊन नवं कोण मिळतंय ते शोधू लागतात. अशा वेळी काका वधूवर सूचक मंडळासारखे कामाला लागतात. "विस्कॉन्सिनचं एक चांगलं आहे, पण लांब पडतंय. आयोवातलं जवळ आहे, पण घराणं एनएआयएचं." हे ते फोनवर, स्पीकर चालू ठेवून, किराणा दुकानात बोलतात. लोकांना वाटतं, मुलीचं चाललंय.

गट सोडून गेलेल्यांवर काकांचा राग फार. सू फॉल्स विद्यापीठानं 2006, 2008 आणि 2009 मध्ये एनएआयएचं विजेतेपद मारलं आणि मग डिव्हिजन टूची वाट धरली. "घरचा राजा होता. गेला दुसऱ्याच्या दारात रांगेत उभारायला!" सेंट पॉलच्या सेंट थॉमस विद्यापीठाची गोष्ट मात्र ते वेगळ्या आवाजात सांगतात. 1920 साली मिनेसोटातली कॉन्फरन्स स्थापन करणाऱ्यांतलं हे कॉलेज. पुढं ते इतकं मोठं झालं की 2017 मध्ये सेंट ओलाफला 97-0 नं हरवलं. 2019 मध्ये बाकीच्यांनी त्याला चक्क बाहेर काढलं आणि 2021 मध्ये ते थेट डिव्हिजन वनमध्ये जाऊन बसलं. "97! अरे, पाव्हण्याला आग्रह करावा, पण किती? चूक दोघांची बी हाय," असा काकांचा निवाडा आहे. त्यावर अपील नाही.

शिकागो विद्यापीठाची कथा ऐकल्याशिवाय काकांच्या घरून चहा पिऊन उठता येत नाही. बिग टेन या बड्या कॉन्फरन्सचं संस्थापक सभासद. ॲमॉस अलोन्झो स्टॅगसारखा प्रशिक्षक तिथं 1892 पासून चार दशकं. कॉलेज फुटबॉलमधली पहिली हाइझमन ट्रॉफी 1935 मध्ये तिथल्याच जे बर्वांगरला. आणि 1939 मध्ये त्यांनी फुटबॉल बंदच केला! मैदान रिकामं पडलं. तिथल्याच स्टँडखाली 2 डिसेंबर 1942 ला पहिली नियंत्रित अणुसाखळी अभिक्रिया झाली. काकांच्या मते हे होणारच होतं. "मैदान मोकळं ठेवलं की माणसं काय पण उद्योग करतात." विद्यापीठानं 1969 मध्ये पुन्हा संघ उभा केला. आज तो डिव्हिजन थ्रीमध्ये खेळतो आणि डिव्हिजन थ्रीच्या अंतिम सामन्याला स्टॅग बोल असं नाव आहे. "शेवटी आले की नाही आपल्यात?" हे म्हणताना काका असे फुलतात, जणू त्यांना परत आणायला हेच गेले होते.

नोव्हेंबर लागला की काकू पाहुण्यांना बोलावणं बंद करतात. रविवारी प्लेऑफचे संघ जाहीर होतात. 1973 मध्ये चार होते, पुढं 32 झाले, 2024 पासून 40. काका जमिनीवर अमेरिकेचा नकाशा पसरून पट्टी घेऊन बसतात. कारण छोट्या कॉलेजांच्या प्लेऑफमध्ये कोण कुणाशी खेळणार हे गुणवत्तेइतकंच बसच्या अंतरावर ठरत आलंय. ठरलेल्या अंतराच्या आत असाल तर बस, पलीकडं असाल तर विमान, आणि विमान म्हणजे खर्च. म्हणून टेक्ससमधली मेरी हार्डिन-बेलर आणि हार्डिन-सिमन्स ही दोन तगडी कॉलेजं एकमेकांनाच पहिल्या फेरीत गाठायची. बेल लॅब्जमध्ये अख्ख्या देशाचे फोन जोडून दिलेला हा माणूस गुडघ्यांवर रांगत ओहायो ते विस्कॉन्सिन अंतर मोजतो. काकू त्याच नकाशाच्या कडेवर मेथी निवडत म्हणतात, "अहो, जरा पेनसिल्व्हेनियावरून पाय काढा. जुड्या तिथं ठेवायच्यात."

त्याच सुमारास इथल्या मराठी मंडळाची दिवाळी असते. एका वर्षी कार्यक्रम नेमका पहिल्या फेरीच्या शनिवारी ठरला. काकांनी कार्यकारिणीला निषेधाचं पत्र दिलं, तरी शेवटी आले. मागच्या रांगेत बसले, एका कानात यंत्र. व्यासपीठावर नाट्यपद चाललं होतं. गायकानं एक अवघड जागा घेतली न घेतली तोच मागून काका गरजले, "आयला, नाद खुळा!" गायक इतका खूश झाला की त्यानं तीच जागा दोनदा पुन्हा घेतली. कार्यक्रम संपल्यावर काकांना भेटायला आला, पाया पडला. काकांनी आशीर्वाद दिला आणि मला हळूच म्हणाले, "चौथ्या डाउनला धाडस केलं पोरांनी."

मैदानावरचे काका तर बघण्यासारखे. अंगावर दोन स्वेटर, वर लाल जाकीट, पिशवीत थर्मास. थर्मासमध्ये पांढरा रस्सा. डिसेंबरातल्या वाऱ्यात तो झाकणात ओतून शेजाऱ्याला देतात, आणि शेजारी कोण हे बघत नाहीत. मध्यंतर झालं की उठून पाहुण्यांच्या बाजूला जातात. पलीकडच्या संघातल्या पोरांच्या आया ब्लँकेटं गुंडाळून बसलेल्या असतात. "कधी निघालात? बसनं? जेवलात का?" पेनसिल्व्हेनियाच्या कुणा माउलीनं आयुष्यातला पहिला पांढरा रस्सा नेपरव्हिलच्या बाकड्यावर प्यायला असेल तर तो काकांमुळं. पुन्हा आपल्या जागी येऊन ते त्याच माउलीच्या पोराच्या नावानं ओरडतात, "पाडा त्याला!"

नॉर्थ सेंट्रलनं 2019, 2022 आणि 2024 च्या मोसमांत विजेतेपद मिळवलं. काका त्याबद्दल फार बोलत नाहीत. ते बोलतात 2023 बद्दल. कोर्टलँडविरुद्धचा अंतिम सामना. शेवटच्या मिनिटांत टचडाउन करून संघ एका गुणानं मागं. किक मारून बरोबरी साधायची की दोन गुणांसाठी जायचं? पोरं दोनसाठी गेली, अडवली गेली. 38-37. काकूंच्या भाषेत त्यानंतर घरात सुतक होतं, गोडधोड बंद. पण कुणी 'किक मारायला हवी होती' म्हटलं की काका ताडकन उठतात. "बरोबरी मागायला गेलो नव्हतो आपण!"

काकांचं दैवत मात्र नॉर्थ सेंट्रलचं नाही. मिनेसोटातल्या सेंट जॉन्सचे एकेकाळचे प्रशिक्षक जॉन गॅग्लिआर्डी. 489 विजय, कॉलेज फुटबॉलमध्ये सर्वांत जास्त. खेळाडूंनी त्यांना 'कोच' म्हणायचं नाही, 'जॉन' म्हणायचं. सरावात कुणाला आपटायचं नाही. 1963 आणि 1965 चं विजेतेपद एनएआयएमध्ये, 1976 आणि 2003 चं एनसीएएमध्ये. "संघटना बदलली, माणूस बदलला का?" हा प्रश्न काका भिंतीला विचारतात.

त्यावर एकदा काकू म्हणाल्या, "आणि तुम्ही ओ? कोल्हापूर सोडून इथं आलात, आणि कॉलेजांना नावं ठेवता!"

काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "गाव सोडलं. तालीम सोडली नाही." हे खरं आहे. तालमीची वर्गणी दर वर्षी न चुकता जाते. नवी पोरं यांना ओळखतही नाहीत, पण पावती येते आणि ती वहीत लावली जाते.

त्याच वहीत आयोवा वेस्लियनचं पान आहे. 1842 चं कॉलेज. हॅल मम्मी आणि माइक लीच या जोडीनं 1989 च्या सुमारास तिथंच 'एअर रेड' नावाचा पासिंगचा खेळ रचला. पुढं मोठमोठ्या विद्यापीठांनी तो उचलला. कॉलेज 2023 मध्ये बंद पडलं. काका त्या पानाला खोडरबर लावत नाहीत. "गेलेल्याचं नाव खोडायचं नसतं," म्हणतात आणि पुढचं पान उलटतात.

म्हणून सांगतो: अमेरिकेत तुमच्या गावात असं एखादं छोटं कॉलेज असेल, तर नोव्हेंबरातल्या एखाद्या शनिवारी जाऊन बसा. तिकिटाला रांग नसते, गाडी लावायला जागा मिळते. लाल जाकिटातला म्हातारा झाकण पुढं करील, ते घ्या, रस्सा चांगला असतो. फक्त चाळीस संघ कसे निवडतात, हे मात्र त्याला विचारू नका. विचारलंत, तर रात्रीच्या जेवणाला घरी पोचणार नाही, हे आधीच फोन करून कळवा.