गाडी आपल्या जबाबदारीवर लावावी

पुण्यात धायरी फाट्यावरून आत गावाकडं वळलं की दोन सोसायट्यांच्या मधे कुठं ना कुठं एक मोकळा प्लॉट दिसतोच. पत्र्याचं कुंपण, लोखंडी फाटक, फाटकाला साखळी आणि पत्र्यावर लाल रंगानं हातानं लिहिलेलं: ‘येथे सर्व प्रकारच्या गाड्या मासिक भाड्याने लावून मिळतील.’ खाली मोबाइल नंबर. त्याच्याही खाली, डब्यातला रंग संपत आल्यामुळं फिकट होत गेलेल्या अक्षरांत: ‘गाडी आपल्या जबाबदारीवर लावावी. नुकसान झाल्यास मालक जबाबदार नाही.’

हा जो जबाबदार नसलेला मालक, तो म्हणजे आप्पा. आधार कार्डावर नाव काहीही असो, ड्रायव्हर लोक त्यांना आप्पाच म्हणतात. धायरीत आहेत, नऱ्ह्यात आहेत, किरकटवाडीत आहेत. कुणाच्या प्लॉटात आंब्याचं झाड असतं आणि कुणाच्या बोअर, एवढाच काय तो फरक. बाकी बंडी तीच, कानाला मफलर तोच आणि झोप न झालेले डोळेही तेच.

पाटीवरच्या दुसऱ्या वाक्याला मात्र कुणी फसू नये. रात्री अडीचला बॅटरी घेऊन स्कूल बसच्या खाली वाकून डिझेलच्या टाकीचं झाकण जागेवर आहे का, हे जो बघतो तो जबाबदार नसलेला माणूस नव्हे. आप्पांनी आयुष्यात एकच गोष्ट कायद्यानं नाकारली आणि ती चोवीस तास करत बसले.

पूर्वी हे शेत होतं. मग भावांच्या वाटण्या झाल्या, एकरांचे गुंठे झाले. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. हा आकडा धायरीत शाळेतल्या पाढ्यांच्या आधी पाठ होतो. २०१७ साली इतर गावांबरोबर धायरी महापालिकेत आली, आणि नांगराच्या जागी मिळकतकराचं बिल आलं. बिल्डर तर रोजच येतो. पण सातबाऱ्यावर बहिणींची नावं आहेत, त्यातली एक सासवडला आणि एक रुसलेली. ती रुसलेली सही करत नाही तोवर तिथं टॉवर होत नाही, आणि टॉवर होत नाही तोवर गाड्या लागतात. धायरीतल्या निम्म्या गाड्यांची रात्रीची सोय अशी कुणाच्या तरी आत्याच्या रुसव्यावर झालेली आहे.

सकाळी साडेपाचचा देखावा एकदा तरी बघण्यासारखा असतो. कंपनीची शिफ्ट सोडणारी ट्रॅव्हलर सर्वांत आत. तिच्यापुढं पिवळी स्कूल बस, बसला चिकटून पाण्याचा टँकर, टँकरच्या बाजूला वरातीचा रथ. त्यावरचे प्लास्टिकचे दोन पांढरे घोडे कायम फाटकाकडं तोंड करून उधळलेले. ट्रॅव्हलरवाल्याला हिंजवडी गाठायची असते. स्कूल बसवाला येतो सहाला. टँकरवाला रात्री उशिरा आलेला, म्हणून फोन उचलत नाही. रथाला तर स्वतःचं इंजिनच नाही.

“आप्पा, काढा की ओ. नवले पुलाला गर्दी झाली की मेलो मी.”

“थांब. आधी रथ मागं घे. मागं म्हणजे तुझ्या मागं नाही, आंब्याच्या मागं. आता बस निम्मी बाहेर काढ. निम्मी म्हटलं मी!”

आप्पांच्या पत्र्याच्या खोलीत एका फळीला खिळे आणि खिळ्यांना किल्ल्या. नंबर लिहून ठेवा असं नातू सांगून दमला. आप्पा किल्ली चेहऱ्यावरून ओळखतात. ज्याची किल्ली फळीवर नाही त्याला ते माणूस मानत नाहीत. स्वतःला एक मोपेड सोडून काही चालवता येत नसताना हा गृहस्थ बेचाळीस फुटांच्या जागेत बारा मीटरची बस वळवून देतो, तेही चहाचा कप हातातून न सोडता. रिव्हर्स कॅमेरा असलेल्या नव्या गाडीचा ड्रायव्हरसुद्धा पडद्याकडं न बघता आप्पांच्या डाव्या हाताकडं बघतो. ती बोटं मिटली की ब्रेक.

गाड्यांगणिक चिंता वेगळ्या. टँकर रात्रभर ठिबकतो, त्याखाली चिखल होतो आणि चिखलात शेजारच्या गाडीची चाकं बसतात. शिवाय दहा हजार लिटर पाणी आपल्याच अंगणात भरून उभं आणि घरातला नळ कोरडा, हे दुःख वेगळंच. एकदा मावशींनी, म्हणजे आप्पांच्या सौभाग्यवतींनी, त्या ठिबकणाऱ्या नळाखाली बादली लावली. सकाळपर्यंत धुणं झालं. आप्पांना मात्र दुसऱ्याच्या पाण्याची चोरी केल्यासारखं वाटून त्यांनी टँकरवाल्याला आठवडाभर चहा पाजला.

स्कूल बसचं दुखणं मे महिन्यात. मालक म्हणतो, शाळा बंद, धंदा बंद, भाडं कसलं? आप्पा विचारतात, “पोरं मामाच्या गावाला गेली, बस गेली का? चाकं इथंच आहेत ना?” हा वाद दरवर्षी होतो आणि दरवर्षी निम्म्या भाड्यावर मिटतो. जूनच्या तोंडावर त्याच बसची बॅटरी उतरलेली निघते, आणि ती आप्पांनी अधूनमधून चालू का केली नाही, असा जाब येतो. पावसाळ्यात मुरूम टाकावा लागतो. दरवर्षी दोन ट्रक मुरूम जातो कुठं हे कुणालाच उमगलेलं नाही. उंदरांनी वायरी कुरतडू नयेत म्हणून बॉनेटखाली तंबाखूची पुडी ठेवायची. ती उंदरापेक्षा ड्रायव्हरच लवकर संपवतात. खंडेनवमीला प्रत्येक चाकाखाली लिंबू. दसऱ्याला झेंडूचा असा खच पडतो, की आप्पांना झाडू मारताना जमिनीचा रंग विसरायला होतं.

नातवानं चार कॅमेरे बसवून दिले. तेव्हापासून आप्पांनी मालिका बघायचं सोडलं. लग्नात अक्षता पडत असताना हे मोबाइलवर रिकामं फाटक बघत असतात. कुत्रं गेलं की टिंग. मांजर गेलं की टिंग. चौथ्या कॅमेऱ्यावर कोळ्यानं जाळं केलंय, त्यामुळं आंब्याखाली कायम आठ पायांचा एक दरोडेखोर फिरताना दिसतो.

अशा या संसारात कोरोनानंतर कॅराव्हॅन आली.

जवळच्याच एका मोठ्या सोसायटीतल्या साहेबांनी ती हौसेनं बनवून घेतली. मूळ गाडी आपली ट्रॅव्हलरच, आकुर्डीच्या कंपनीची. आत पलंग, ओटा, फ्रीज, छोटं संडास-बाथरूम. साहेब भारत बघणार होते. सोसायटीनं मात्र ‘व्यावसायिक वाहन’ म्हणून फाटकातच अडवली. मग ती आप्पांकडं. भारत राहिला, पण साहेबांचं कुटुंब दर रविवारी नेमानं येतं. चांदणीसारखं कापड ताणतात, घडीच्या खुर्च्या मांडतात, मुलं आतल्या पलंगावर उड्या मारतात, मॅगी होते, आणि संध्याकाळी सगळे “काय फ्रेश वाटलं!” म्हणत चालत घरी जातात. घर दिसतं तिथून. सातव्या मजल्यावरचं वाळत घातलेलं धुणंसुद्धा दिसतं. आप्पांना आधी हसू यायचं. नंतर त्यांनी रविवारी टँकर तेवढा दुसऱ्या बाजूला लावायला सुरुवात केली, पाहुण्यांना मोकळं दिसावं म्हणून.

याच साहेबांनी आप्पांच्या डोक्यात ते भरवलं. २०२१ साली महाराष्ट्र सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, खासगी जागेतही कॅराव्हॅन पार्क करता येतो, पाणी, वीज, स्वच्छतागृह दिलं की झालं. “आप्पा, सिंहगड इथून हाकेवर, खडकवासला हाकेवर, पानशेत पुढं. तुमचं हे पार्कच आहे, फक्त तुम्हाला माहीत नाही!” मग मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ दाखवले. तिकडं म्हातारा-म्हातारी घर विकून गाडीत राहतात, आणि असल्या पार्कात प्रत्येक गाडीला विजेचा खांब, पाण्याचा नळ आणि सांडपाण्याचं भोक वेगवेगळं. आप्पांनी बारकाईनं बघून एकच प्रश्न विचारला: “आणि आतली गाडी पहाटे काढायची झाली तर?” साहेबांकडं उत्तर नव्हतं. अमेरिकेत जागा फार.

तरी आप्पांनी आंब्याखालचे दोन गुंठे मोकळे केले. पंधरा अँपिअरचा सॉकेट बसवला, नळ काढला, चेंबरचं झाकण रंगवलं आणि पत्र्यावर ओळ वाढवली: ‘फिरते घर लावण्याची उत्तम सोय.’ जबाबदारीच्या ओळीला हात लावला नाही.

पहिलं गिऱ्हाईक मुंबईचं, तरुण जोडपं. बुधवारी रात्री आलं. त्याला गाडी अगदी सपाट हवी होती, नाहीतर म्हणे फ्रीज नीट चालत नाही. आप्पांनी रात्री दहाला शेजारच्या साइटवरून गवंड्याची लेव्हल आणली, चाकाखाली विटा सरकवल्या, बुडबुडा मधोमध येईस्तोवर स्वतः ओणवे. पाणी कुठलं, असं तिनं विचारलं. हा प्रश्न आता सगळेच विचारतात. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या या पट्ट्यात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली आणि बोट पाण्याकडं गेलं, तेव्हापासून इथल्या माणसाला आपल्या विहिरीची कुंडली पाहुण्यापुढं मांडावी लागते. आप्पांनी काही न बोलता जारचं पाणी आणून ठेवलं. एसी रात्रभर लावणार का, हे विचारायचं त्यांच्या फार मनात होतं, कारण मीटर व्यावसायिक दराचं. पण पहिलं गिऱ्हाईक म्हणून जीभ चावली, आणि मीटरसमोर खुर्ची टाकून बसले.

सकाळी तो मुलगा हातात झाकणाची प्लास्टिकची पेटी घेऊन अदबीनं विचारू लागला, “आप्पा, हे कुठं रिकामं करू?” आप्पांना वाटलं बर्फाची पेटी. “द्या की इकडं, रिकामं कशाला करता? मावशी फ्रीजमध्ये ठेवतील.” आणि घेतलीसुद्धा त्याच्या हातातून. मावशी पदराला हात पुसत पुढं आल्या. ती आतल्या संडासाची पेटी आहे, हे सांगायला त्या मुलाला जे अर्धं मिनिट लागलं, तेवढ्यात ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पोचली होती.

आणि तो गुरुवार. पुण्यात गुरुवारी काय होतं ते मुंबईकराला कोण सांगणार? दुरुस्तीसाठी वीज बंद, पाणी बंद. आप्पांनी आदल्या रात्री सांगायला हवं होतं, पण सपाट करण्याच्या नादात राहून गेलं. मग त्यांनी वरातीच्या रथाचा जनरेटर ओढत आणला. तो चालू करताना कुणी तरी चुकून रथाचाही खटका दाबला. सकाळी अकराला आंब्याखाली फ्रीज चालू झाला, आणि त्याबरोबर तीनशे रंगीत दिवे, दोन घोडे आणि ‘शुभविवाह’.

जोडपं खूश होऊन गेलं. पाचपैकी चार तारे देऊन गेलं. एक तारा कशानं कापला, हे नातवानं वाचून दाखवलं: मालक फार प्रेमळ आहेत, पण रात्री तीन वेळा येऊन सगळं ठीक आहे ना, असं काचेवर टकटक करून विचारतात. आप्पांना ते लागलं. “न विचारता झोपलो असतो, आणि काही झालं असतं तर?” मावशी म्हणाल्या, “तर पाटी आहे ना लावलेली.”

मावशींचं स्वतःचं म्हणणं एवढंच होतं की लग्नाला इतकी वर्षं झाली, अंगणात वीस गाड्या उभ्या असतात, आणि आपण कधी कुठं गेलो नाही. ते खरं होतं. आप्पांचा पंढरपूरचा मुक्कामसुद्धा फाटकाच्या किल्लीमुळं एका रात्रीवर आलेला. शेवटी गेल्या डिसेंबरात ट्रॅव्हलरवाल्यानंच हट्ट धरला. दोघांना आणि सासवडच्या बहिणीला घालून त्यानं गणपतीपुळ्याला नेलं. रुसलेलीलाही विचारलं, ती नाही आली. फळीवरच्या किल्ल्या नातवाच्या हवाली केल्या, आणि खंबाटकी लागेपर्यंत त्याला फोनवर त्या किल्ल्यांचे चेहरे समजावून सांगितले.

गणपतीपुळ्याला गाड्यांची ही गर्दी. आप्पा उतरले आणि देवळाकडं न जाता उभेच राहिले. दोन बस आडव्या लागलेल्या, मागं एक कार कोंडलेली, शिट्टी वाजवणारा पोरगा घामाघूम. “बाई, तुम्ही दर्शनाला लागा रांगेत,” ते बहिणीला म्हणाले, “आलोच मी.”

बायकांचं दर्शन झालं, प्रदक्षिणा झाली, समुद्रावर पाय भिजवून झाले, उकडीचे मोदक खाऊन झाले. परत येऊन बघतात तर शिट्टीवाला पोरगा बाजूच्या टपरीवर निवांत जेवतोय, शिट्टी आप्पांच्या तोंडात, पावतीपुस्तक त्यांच्या बगलेत, आणि सोलापूरची एक बस डाव्या हाताच्या इशाऱ्यावर मागं येतेय.

“निम्मी!” आप्पा ओरडत होते. “निम्मी म्हटलं ना मी!”