बारावा महिना कुणाचा?

पगार वाढला की पूर्वी माणसाला गावी विहीर खणावीशी वाटे. आता वाकडला दुसरा टू बीएचके घ्यावासा वाटतो. ८० लाखांचा फ्लॅट, ६४ लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, २० वर्षं. हप्ता साडेपंचावन्न हजार, भाडं पंचवीस हजार. दरमहा साडेतीस हजार पदरचे घालणाऱ्या या गृहस्थाला आपण ‘गुंतवणूकदार’ म्हणतो, आणि त्याच घरात पंचवीस हजारांत नांदणाऱ्याला ‘अजून स्वतःचं घर नाही हो बिचाऱ्याचं’! चालायचंच. कर्ज त्याचं, हौस त्याची. माझा राग भाडेकराराच्या त्या अकरा महिन्यांवर आहे.

नव्या मालकाला सोसायटीचं बिनभोगवटा शुल्क ठाऊक नसतं, भाड्यावरचा कर ठाऊक नसतो. करार मात्र अकरा महिन्यांचाच करायचा, हे मुंजीत कानात सांगितल्यासारखं पक्कं ठाऊक असतं. का? ‘तसंच असतं.’

कारण जुनं आहे. १९०८च्या नोंदणी कायद्यात वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून कुणा हुशार माणसाने एक महिना छाटला. पण महाराष्ट्राच्या १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ सांगतं की लिव्ह अँड लायसन्सचा करार कितीही मुदतीचा असो, लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. म्हणजे नोंदणी चुकवायला काढलेली पळवाट आपण इमानेइतबारे नोंदणी करून, अंगठा देऊन, फोटो काढून वापरतो!

मग छाटलेला बारावा महिना जातो कुठे? दलालाकडे. अकरा महिने संपले की नवा करार, नवं शुल्क, पुन्हा अंगठे आणि पुन्हा एका महिन्याचं भाडं ब्रोकरेज. घर तेच, भाडेकरू तोच, गळका नळही तोच. दलालाने नवीन शोधलं काय? शिवाय मालकाने दर वेळी भाडं वाढवायचं आणि त्या निमित्ताने पुन्हा मुलाखत घ्यायची. लग्न झालं का, मासे शिजवता का, पाहुणे किती येतात. आडनाव तर अशा सुरात विचारायचं की उत्तराआधीच फ्लॅट ‘कालच गेला’ असावा. स्वतःच्या पोराला बंगळुरात कुणी असं विचारलं की याच मालकाचा संताप अनावर होतो. भिंतीत खिळा ठोकायचा नाही, कारण भिंत ‘इन्व्हेस्टमेंट’ आहे. ओल आली की मात्र ती भाडेकरूची. आणि एवढं करून अकराव्या महिन्यात त्या माणसाने पोरांच्या शाळेसकट बिऱ्हाड हलवायचं? निर्लज्जपणाला तरी बाराव्या महिन्याची सुट्टी द्या!

‘पण तो कब्जा करून बसला तर?’ भाडे नियंत्रण कायद्याचंच कलम २४ वाचा. मुदत संपली की मालकाला ताबा मागता येतो, न सोडणाऱ्याकडून दुप्पट रक्कम घेता येते, आणि त्यासाठी करार अकरा महिन्यांचाच हवा असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. साठ महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्सला मुद्रांक शुल्काचा पाव टक्क्याचा एकच दर आहे. तीन वर्षांचा करार करा, दोघंही सुखाने झोपा.

आणि ‘ओळखीतलाच आहे’ म्हणून साध्या कागदावर सही घेणाऱ्या गुंतवणूकदारांनो, कलम ५५ पुढेही वाचा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल तेच ग्राह्य, खोटं ठरेपर्यंत. शिक्षा पाच हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्या तीन महिन्यांत राहायची सोय सरकारी असते आणि ब्रोकरेज लागत नाही.