कोपऱ्याचा तुकडा

पालकाची जुडी मंडईतून येते ती तोऱ्यात; पिशवीबाहेर माना काढून, कोथिंबिरीला कडेला सारून. निवडायला घेतली की सगळा ओटा हिरवा होतो आणि एवढं कोण खाणार, ही काळजी सुरू होते. पण तापल्या कढईत पानं पडली की भाषण संपल्यावर मैदान रिकामं व्हावं तशी ती ओसरतात आणि तळाशी मूठभर गडद हिरवा ऐवज उरतो. पालकात 90 टक्क्यांहून जास्त पाणी असतं हे पुस्तकात कळतं, पटतं मात्र कढईपाशी. उरलंसुरलं पाणीही हाताने घट्ट पिळून काढायचं, नाहीतर ओव्हनमध्ये ग्रातँचं, म्हणजे सॉस नि चीजखाली भाजलेल्या या फ्रेंच पदार्थाचं, तळं होतं. एवढ्या मानहानीनंतर त्या मुठीला लोणी, दूध आणि चीजचा राजेशाही पोशाख चढवायचा.

राजेशाही हे उगाच म्हटलेलं नाही. पालकावर ओततो तो पांढरा बेशामेल सॉस चौदाव्या लुईच्या पदरी असलेल्या लुई द बेशामेल (1630–1703) यांच्या नावाने ओळखला जातो. गृहस्थ पैशाअडक्याच्या व्यवहारातले. लोण्यावर मैदा परतत ते कधी चुलीपाशी उभे राहिले असतील, असं मला तरी वाटत नाही. लोणी नि मैदा सारख्या वजनाचे, मंद आचेवर कच्चा वास जाईपर्यंत. मग दूध थोडं थोडं, हात न थांबवता. थांबला की गुठळी झालीच. शेवटी चिमूटभर जायफळ. आमच्या घरी ते श्रीखंड-पुरणाच्या डब्यात मानाने पहुडलेलं असतं. त्याला पालेभाजीवर किसताना आधी मलाच अवघडल्यासारखं झालं होतं. आता त्याच्याशिवाय सॉस पोरका लागतो. फ्रान्समध्ये हाच थाट चार्डच्या पाल्याचा करतात आणि त्याचे जाड पांढरे देठही आधी उकडून आत घालतात. आपल्याकडे पालकच बरा. थोडी मेथी चालते, तिचा कडवटपणा दुधाला शहाणपण देतो. लाल माठ घातलात तर मात्र सगळा सॉस लग्नाच्या फेट्यासारखा गुलाबी होईल, आणि आंबट चुका दुधाच्या वाटेला न गेलेलाच चांगला.

दुधात मीठ घालू नये, हा आजीचा कायदा. त्यात पालेभाजी म्हणजे गुन्ह्यावर गुन्हा. तरी आई गोल अ‍ॅल्युमिनियमच्या ओव्हनमध्ये ‘बेक डिश’ लावायची आणि आम्ही पोरं झाकणाच्या काचेत डोळे घालून बसायचो. चीज वितळायचं, मग बुडबुडे, मग काचेवर वाफ धरायची आणि ऐन रंगात येताना काही दिसेनासं व्हायचं. आजी देवघरातून विचारायची, “झालं का गं तुमचं ते?” आवाजात नापसंती भरपूर, पण प्रश्न दर थोड्या वेळाने. दुधाच्या पातेल्याची खरवड आम्हांला वाटून देण्यात जिची हयात गेली, तिला वरच्या करपट पापुद्र्याचं मोल समजावून सांगायची गरज नव्हती. खुद्द तिला तो चावायचा नाही. ती मधला मऊ भाग वाटीत घ्यायची, वर मेतकूट भुरभुरायची आणि “बरं आहे हो” म्हणायची. गोल डब्याला कडच कड, त्यामुळे आम्हां सगळ्यांच्या वाट्याला पापुद्रा यायचा.

आता घरात आयताकृती काचेचं भांडं आहे. त्याला कोपरे चार आणि जेवणारी माणसं पाच. कोपऱ्यात दोन बाजूंनी आच लागते. दुधातली साखर नि प्रथिनं तिथे तांबूस, कुरकुरीत होतात आणि तिथेच घरातल्या सभ्यतेचा कस लागतो. “तू घे ना,” असं जो सगळ्यांत आधी म्हणतो, त्याचा चमचा कोपऱ्यापासून बोटभर अंतरावर असतो. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं निवू द्यावं, म्हणजे सॉस बसतो, हे मी दर वेळी सांगते. ते ऐकणारं माणूस अजून या घरात जन्माला यायचंय. जिभा भाजतात, पण कोपरे संपतात.

मधलं उरतं. ते रात्रभर फ्रिजमध्ये वडीसारखं घट्ट होतं. सकाळी त्याच्या चौकोनी फोडी करायच्या, रव्यात घोळवून तव्यावर खरपूस परतायच्या आणि गरम पोळीत लसणीच्या ठेच्याबरोबर गुंडाळायच्या. आता प्रत्येक फोडीला स्वतःचे चार कोपरे. फ्रेंचांना हे कुणी कळवू नये, एवढंच.